पातळ असतानाच उतरवा: घरी व्हिनेगर आटवण्याची रीत

पहिल्यांदा व्हिनेगर आटवलं त्या दिवशी चमचा उचलला, तर त्याच्याबरोबर पातेलंही वर आलं. आत काळा दगड झाला होता. आई दारातून बघत होती. म्हणाली, "काढा करालायस का डांबर रं?"

त्यानंतर आणखी दोन पातेली जाळली. चौथ्या वेळी जमलं. आता दर पंधरा दिवसांनी एक बाटली होते, आणि निम्मी शेजारी जाते. ओळखीतले चारपाच जण पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. मी आचारी नाही. पण मापं घेण्याची सवय आहे, आणि या कामात तीच कामाला आली.

सुरुवात वडिलांच्या ब्लडप्रेशरपासून झाली. डॉक्टरांनी मीठ आणि तेल कमी करायला सांगितलं. आपल्याकडची कोशिंबीर म्हणजे मीठ, दाण्याचा कूट आणि वरून फोडणी. हे तिन्ही काढून घेतल्यावर ताटात नुसती चिरलेली काकडी उरते, आणि तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस ती खात नाही. आंबट आणि थोडं गोड असं काही वर पडलं की मीठ कमी असलेलं चटकन जाणवत नाही, हे एका हॉटेलातल्या सॅलडवर कळलं. त्यावर काळ्या, दाट, चकचकीत रेघा ओढल्या होत्या. वेटरला विचारलं तर म्हणाला, "बाल्सामिक रिडक्शन." दुकानात बाटलीची किंमत बघितली आणि ती परत फळीवर ठेवली.

आधी समजून घ्या: हे म्हणजे नेमकं काय

रिडक्शन म्हणजे आटवणं. दूध आटवतो, उसाचा रस आटवतो, तसंच व्हिनेगर आटवायचं. पाणी उडून जातं, गोडी, रंग आणि वास मागे राहतात. इटलीतल्या मोडेना भागात द्राक्षांचा रस शिजवून, आंबवून लाकडी पिंपांत निदान १२ वर्षं मुरवतात. ते खरं पारंपरिक बाल्सामिक. हॉटेलातली काळी रेघ ही त्याची जवळची वाट, आणि आपण करणार ती त्याहूनही जवळची. त्यामुळे ते आणि हे एकच असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पण काकडीवर हे झकास लागतं.

कोल्हापूरच्या माणसाला हे शिकवायला फार वेळ लागू नये. लहानपणी मामाच्या गावी गुऱ्हाळावर काहिलीजवळ बसून आपण दुसरं काय बघत होतो? रस उकळला की मळी वर येते, ती काढतात, मग काकवी होते, मग गूळ. काहिल चुलवाणावरून कधी उतरवायची एवढं एकच गुळव्याचं खरं कौशल्य. इथंही तेवढंच आहे. फरक इतकाच की आपल्याला काकवीच्याही थोडं अलीकडे थांबायचंय.

आणखी एक फरक मला उशिरा कळला. गुऱ्हाळात रसातला आंबटपणा हा शत्रू असतो. ऊस शिळा झाला, लोळला, रस आंबला की साखर फुटते, गूळ चिकट होतो आणि रवा (ढेप) नीट बसत नाही. म्हणूनच रसात चुना घालतात. आपल्या पातेल्यात मात्र साखर फुटणं हेच हवं असतं. व्हिनेगरमधलं आम्ल तापल्यावर साखरेचे दोन तुकडे करतं, आणि त्यामुळे बाटलीत खडे धरत नाहीत. थोडक्यात, गुऱ्हाळात जो बिघाड, तो इथं फायदा.

तब्येतीबद्दल दोन खरे शब्द

हे औषध नाही. खाली दिलेल्या मापानं केलं तर एका चहाच्या चमच्यात पावणेचार ग्रॅमच्या आसपास गूळ जातो, म्हणजे चहात घालतो त्या चमचाभर साखरेपेक्षा जरासाच कमी. फायदा हा की ताटभर सॅलडला एक चमचा पुरतो, आणि त्यापायी तेलाची फोडणी आणि मिठाची चिमूट वाचते. वाटीत घेऊन त्यात भाकरी बुडवून खाल्लं (आमच्या धाकट्यानं खाल्लं होतं) तर तो गूळच खाल्ल्यासारखं आहे. मधुमेह असेल तर हा चमचा दिवसाच्या हिशोबात धरा. पित्ताचा त्रास असेल तर उपाशीपोटी नको. आणि आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नका, अर्धा तास जाऊ द्या.

लागणारं सामान

- व्हिनेगर २५० मिली, आम्लता ४ ते ५ टक्के (लेबलवर असते)
- गूळ ७५ ग्रॅम
- रुंद तोंडाचं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा कढई
- डिजिटल वजनकाटा. ऐपतीत बसत असेल तर हा घ्याच. नसेल तर बांबूची एक काडी
- बारीक चहाची गाळणी, आणि एक मलमलचा तुकडा
- लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा
- काचेची स्वच्छ बाटली, झाकण प्लास्टिकचं
- स्टीलची छोटी ताटली, आधीपासून फ्रिजमध्ये ठेवलेली

भांड्याबद्दल थोडं सांगतो, कारण पहिली चूक तिथेच होते. जर्मनचं पातेलं वापरू नका. आंबट पदार्थ त्यात आटवला की भांडं काळवंडतं आणि ॲल्युमिनियम पदार्थात उतरतं. बिडाची कढई, लोखंडी तवा तर नाहीच. चव लोखंडाची होते. पितळ किंवा तांबं, कल्हई कितीही ताजी असली तरी, या कामाला नको. कल्हई पुसली गेल्याचं तुम्हाला चवीवरून कळेल, तोवर उशीर झालेला असेल. स्टील घ्या. बूड पातळ असेल तर खाली तवा ठेवा.

पायरी १: व्हिनेगर निवडा

दुकानात दोन जाती असतात. एक आंबवून केलेलं: उसाचं, सफरचंदाचं, जांभळाचं, द्राक्षाचं. दुसरं सिंथेटिक, म्हणजे ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं. सिंथेटिक असेल तर तसं लेबलवर छापावंच लागतं, त्यामुळे बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. चायनीजच्या गाड्यावर असतं ते बहुतेक हेच. ते विषारी नाही, पण त्याला आंबटपणाखेरीज चवच नाही. ते आटवलं की नुसता आंबटपणा दाट होतो.

माझी पसंती उसाच्या व्हिनेगरला. गोव्याला कोणी जात असेल तर म्हापशाच्या बाजारातून आणायला सांगतो. इथं मिळालं नाही तर सफरचंदाचं साधं, गाळलेलं चालतं. तळाशी गाळ असलेलं, "मदर"वालं महागडं व्हिनेगर यात घालवू नका. त्यातले जिवंत जिवाणू उकळताना मरतात, म्हणजे ज्याचे जास्त पैसे दिले तेच जातं.

सिंथेटिकशिवाय काही मिळालंच नाही तर पायरी ३ मधली रसवंतीची रीत करा. तिथं उसाचा रस चव भरून काढतो.

पायरी २: गूळ निवडा

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून समोरची प्रत्येक ढेप चांगली असं होत नाही. फार फिकट, पिवळाधमक गूळ टाळा. रंग उजळवायला हायड्रॉस नावाचं रसायन वापरलेलं असू शकतं, आणि ते आंबटात तापवलं की गंधकासारखा वास येतो. गडद तपकिरी, जरा मऊ गूळ घ्या. या कामाला त्याचा रंगही हवाच असतो. मार्केट यार्डातून ओळखीनं मिळाला तर उत्तम, नाहीतर लक्ष्मीपुरीत दोन दुकानं फिरा आणि चाखून घ्या. चाखताना खारट लागला तर तो सोडा.

काकवी मिळाली तर गुळाऐवजी ९० ग्रॅम काकवी धरा. थंडीत गुऱ्हाळं चालू असताना मी तीच वापरतो.

साखर चालते का? चालते. पण मग रंग येत नाही आणि चव एकसुरी होते. मध घालायचा तर आटवून झाल्यावर, कोमट असताना. मध घातलेलं काहीही एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका.

पायरी ३: गोडी तयार करा

गूळ किसून दोनतीन चमचे पाण्यात मंद आचेवर विरघळवा आणि गाळा. ही पायरी टाळायचा मोह होतो. टाळू नका. गुळात बारीक खडे, उसाच्या चिपाडाचे कण असतात, आणि पुढे सगळं दाट झालं की ते गाळता येत नाहीत. खाताना दाताखाली कचकन येतात.

आता रसवंतीची रीत, माझी सगळ्यात लाडकी. गूळ अजिबात घ्यायचा नाही. रसवंतीवाल्याला सांगायचं: अर्धा लिटर रस, बर्फ नको, लिंबू नको, आलं नको. तो विचित्र बघेल. बघू दे. रस घरी आणून तासाभराच्या आत चढवा, नाहीतर तो काळा पडतो आणि आंबतो. उकळी आली की हिरवट-राखाडी मळी वर येते, ती पळीनं काढत राहा. गुऱ्हाळात यासाठी भेंडीचं चिकट पाणी घालतात. घरी दोन भेंड्या ठेचून अर्ध्या वाटी पाण्यात चोळा आणि ते गाळून रसात टाका, मळी गोळा होऊन वर येते. रस आटून दीडशे मिलीच्या आसपास आला की पुन्हा गाळा आणि मग त्यात व्हिनेगर घाला. वेळ जास्त लागतो, सगळं मिळून पाऊण तास. पण त्या वासासाठी मी तो देतो.

पायरी ४: खिडकी उघडा

ही वेगळी पायरी म्हणून लिहितोय, कारण इथं लोक हसतात आणि मग खोकतात. उकळत्या व्हिनेगरची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. एक्झॉस्ट फॅन लावा, खिडकी उघडा, पातेल्यात वाकून वास घेऊ नका. घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांना त्या अर्ध्या तासासाठी गच्चीवर किंवा शेजारी पाठवा. कुकरमध्ये करायचा विचारही करू नका. वाफ बाहेर जाणं हेच तर काम आहे.

पायरी ५: आटवा

रिकामं पातेलं आधी वजन करून आकडा लिहून ठेवा. मग व्हिनेगर आणि गाळलेला गूळ घाला. मोठ्या आचेवर एक उकळी आणा, फेस वर येईल तो काढा, आणि आच एकदम कमी करा. कडेनं लहान बुडबुडे येत राहिले पाहिजेत, एवढंच. रुंद कढईत वीसेक मिनिटं, अरुंद पातेल्यात पस्तीस-चाळीस. ही वेळ अंदाजे आहे. घड्याळावर विश्वास ठेवू नका. तुमचा गॅस, तुमचं भांडं आणि बाहेरचा पाऊस, सगळ्यानं फरक पडतो.

पहिली दहा-बारा मिनिटं काही होतच नाहीये असं वाटतं. पाणीच दिसतं. इथं माणूस कंटाळतो, आच वाढवतो आणि मोबाइल बघायला बाहेर जातो. आणि शेवटच्या तीन मिनिटांत जे व्हायचं ते होऊन जातं. पाणी जितकं कमी राहतं तितकं पुढचं झपाट्यानं होतं. माझी पहिली तिन्ही पातेली या तीन मिनिटांतच गेली. शेवटाला पातेल्यासमोरून हलू नका. दारावर दूधवाला आला तर गॅस बंद करून जा, परत लावता येतो.

आणखी एक गैरसमज: आटवल्यानं आंबटपणा उडून जातो, हा. थोडं आम्ल वाफेबरोबर जातं हे खरं, पण ॲसिटिक ॲसिड पाण्याहून उशिरा, ११८ अंशांना उकळतं. त्यामुळे पाणी जास्त जातं आणि उरलेलं थोडं जास्तच आंबट होतं. जिभेला ते मवाळ वाटतं ते गोडीमुळे. म्हणून गूळ फार कमी केलात तर पदार्थ दाटही होत नाही आणि तोंडही वाकडं होतं.

पायरी ६: कधी थांबायचं

सगळा लेख या एका पायरीसाठी आहे.

गरम असताना हे नेहमी पातळ दिसतं. थंड झाल्यावर दाट होतं, आणि तुम्हाला वाटेल त्याहून बरंच जास्त दाट होतं. पातेल्यात मधासारखं दिसलं म्हणजे बाटलीत ते चिक्कीचा पाक होणार. पातेल्यात पाहिजे तेवढं दाट व्हायची वाट बघितलीत की गेलं. पातळ वाटतंय, अजून दोन मिनिटं ठेवावं असं मनात आलं, तीच उतरवायची वेळ.

मनावर भरवसा नसेल तर तीन खुणा आहेत.

पहिली, वजन. हीच सगळ्यात पक्की. वरच्या मापात सुरुवातीचा ऐवज साधारण सव्वातीनशे ग्रॅम असतो (गूळ विरघळवायला घातलेलं पाणी सोडून). तो १३० ग्रॅमवर आला की थांबा. म्हणजे पातेल्याचं वजन अधिक १३०. गरम पातेलं काट्यावर ठेवताना खाली लाकडी पाट ठेवा आणि त्याचं वजन आधीच धरा, नाहीतर काटा वितळतो. माझा एक वितळलाय.

दुसरी, काडी. काटा नसेल तर सुरुवातीला बांबूची काडी पातेल्यात उभी धरून ओल जिथवर आली तिथं खूण करा, आणि तळापासून त्या खुणेच्या एक तृतीयांशाच्या जरा वर दुसरी खूण. ओल दुसऱ्या खुणेवर आली की झालं. पातेलं सरळ कडांचं असेल तरच ही खूण बरोबर निघते. गोल बुडाच्या कढईत ती फसवते.

तिसरी, थंड ताटली. फ्रिजमधली ताटली काढून एक थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, मधून बोट फिरवा. रेघ दोन-तीन सेकंद राहून हळूहळू मिटली तर बरोबर. लगेच मिटली तर अजून थोडं हवं. अजिबात मिटली नाही तर जास्त झालंय. ताटली तपासताना गॅस बंद ठेवा. लोक चालू ठेवतात, आणि तपासून होईपर्यंत इकडे दगड होतो.

गुळव्या काय करतो? पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघतो. ती खूण गुळाची. आपल्याकडे गोळी झाली म्हणजे आपण गाव ओलांडून पुढे गेलो.

पायरी ७: बाटलीत भरा

काचेची बाटली दहा मिनिटं पाण्यात उकळून पूर्ण कोरडी करा. मिश्रण कोमट झालं की गाळून भरा. उकळतं घालू नका, काच तडकते. पत्र्याचं झाकण आंबट वाफेनं गंजतं, म्हणून प्लास्टिकचं. तारीख लिहून चिकटवा. नुसतं गूळ-व्हिनेगरचं फ्रिजमध्ये दोन-तीन महिने छान राहतं. फळ घातलेलं असेल तर तीन आठवडे. बुरशी दिसली, फसफसलं किंवा दारूसारखा वास आला तर वरचं काढून बाकीचं खाण्याचा उद्योग नको, सगळं फेकून द्या.

चार चवी, ज्या इथं सहज जमतात

*बेदाण्याची.* बाल्सामिकच्या सगळ्यात जवळ जाणारी, कारण मूळ द्राक्षच. तासगावचे काळे बेदाणे ७५ ग्रॅम घ्या, अर्ध्या तासासाठी अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवा, बारीक वाटा, मलमलमधून पिळून काढा. २५० मिली व्हिनेगर, हा रस आणि फक्त २५ ग्रॅम गूळ. १५० ग्रॅमवर उतरवा. रंग काळाभोर येतो. नवख्या माणसानं पहिल्यांदा हीच करावी, कारण बेदाण्याचा गर दाटपणा सांभाळून घेतो आणि चूक पचते.

*जांभळाची.* जूनमध्ये पन्हाळ्याकडून, राधानगरीकडून जांभळं येतात तेव्हा. ३०० ग्रॅम जांभळं हातानं कुस्करून बिया काढा. मिक्सरमध्ये बियांसकट घालू नका. बी फुटली की कडू-तुरट होतं, आणि आटवल्यावर ते दुप्पट जाणवतं. गर, २५० मिली व्हिनेगर, ५० ग्रॅम गूळ, चिमूटभर मीठ. १८० ग्रॅमच्या आसपास थांबा. भाजलेल्या रताळ्यावर अप्रतिम.

*लसूण-मिरचीची.* कोल्हापूर म्हटल्यावर ही आलीच. पण माझा धडा ऐका. मी दोन संकेश्वरी मिरच्या सुरुवातीलाच व्हिनेगरमध्ये टाकून उकळायला ठेवल्या. पाच मिनिटांत आमचं घर, वरचं घर आणि जिन्यातलं मांजर, सगळे खोकत खाली. मिरचीचा तिखटपणा आंबट वाफेबरोबर हवेत गेला होता. म्हणून मिरची कधीही गॅस बंद केल्यावर. साधं गूळ-व्हिनेगर आटवून घ्या, आणि गरम असतानाच त्यात सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन ब्याडगी आणि हौस असेल तर एक संकेश्वरी मोडून टाका. झाकून दहा मिनिटं, मग गाळा. लसूण आंबटात कधी हिरवी-निळी पडते. घाबरू नका, ती खराब झालेली नसते.

*आलं-मिऱ्याची.* एक इंच आलं, दहा मिरे भरड, आटवताना शेवटची पाच मिनिटं. यात सांगण्यासारखं फार काही नाही, पण मोड आलेल्या मटकीवर रोज खायला हीच बरी पडते.

कोकमाची का नाही, असं सगळे विचारतात. करून बघितली. आंबटात आंबट. कोकमाची सोलकढी करा आणि त्याला सुखानं राहू द्या.

कशावर घालायचं, कशावर नाही

काकडी, गाजर, मुळा, कांदा, टोमॅटो, वाफवलेलं बीट, भाजलेला लाल भोपळा, मोडाची मटकी-मूग, उकडलेलं अंडं अर्धं कापून, तव्यावर परतलेलं पनीर, कमी तेलात भाजलेलं चिकन किंवा मासा. खायच्या अगदी आधी घाला. आधी घालून ठेवलंत तर काकडीला पाणी सुटतं आणि सगळं वाहून खाली जातं. मोठ्या परातीत सॅलड करायचं असेल तर एक चमचा आटीव व्हिनेगर, एक चमचा पाणी आणि अर्धा चमचा तेल एकत्र फेटून घाला, सारखं लागतं. मीठ चव बघून शेवटी. बहुतेक वेळा वडिलांना ते मागावं लागत नाही, आणि मला तेच हवं होतं.

चिकन भाजताना शेवटच्या मिनिटाला लावा. आधी लावलंत तर गूळ करपतो आणि आत चिकन कच्चं.

गरम दुधात नको, फाटतं. पांढऱ्या रश्श्यात तर अजिबात नको. एका मित्रानं प्रयोग केला होता; त्याच्या बायकोनं त्याला त्या दिवशी बाहेर जेवायला पाठवलं.

बिघडलं तर

फार दाट झालं: बाटली गरम पाण्यात दहा मिनिटं उभी ठेवा, एकेक चमचा गरम पाणी घालून हलवा. पुन्हा व्हिनेगर घालू नका, आंबट होतं.

पातळ राहिलं: परत पातेल्यात, मंद आचेवर, समोर उभं राहून तीन-चार मिनिटं. कॉर्नफ्लोअर घालण्याचा शॉर्टकट करू नका. चकाकी जाते आणि दोन दिवसांत पाणी वेगळं होतं.

करपल्याचा वास आला: गेलं. गूळ घालून झाकता येत नाही. मी घालून बघितलाय.

फार आंबट: किसलेला गूळ चमचाभर, कोमट करून विरघळवा. नाहीतर तसंच ठेवा आणि चमच्याऐवजी अर्धा चमचा वापरा.

आणि पातेल्यात दगड झालाच, तर सुरी घेऊन खरवडू नका. माझ्या पहिल्या पातेल्याच्या बुडाला अजून ओरखडे आहेत. काठोकाठ पाणी भरा, मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळा, गॅस बंद करून रात्रभर ठेवा. शेवटी तो गूळच आहे, सकाळी आपोआप सुटलेला असतो.